बकुळाच्या गाडीची मागची चाकं

दसऱ्याच्या सकाळी बकुळा परबच्या गाडीच्या मागच्या टायरांना खोबरेल मीच लावलं. हार झाला होता, कुंकू झालं होतं, चाकांखाली लिंबं ठेवून झाली होती. टायर तेवढे फिके दिसत होते. जे माझं टक्कल चमकवतं, ते टायर का नाही चमकवणार? नुसत्या बाजूला लावून थांबलो असतो तर निभावलं असतं. पण हात सढळ. जमिनीला टेकतो तो भागही चोळून काढला.

लालबागची आमची चाळ जाऊन टॉवर आला, तेव्हापासून पार्किंग पहिल्या मजल्यावर, वर जायला गुळगुळीत चढ. बकुळा झोकात निघाली. अर्ध्या चढावर मागची चाकं जागच्या जागी गरगरली, खानावळीत फोडणी जळल्यासारखा वास सुटला आणि गाडी सावकाश मागे घसरत येऊन सोसायटीच्या श्रीखंडाच्या टेबलाला टेकली. लागलं कोणाला नाही. पातेलं तेवढं पालथं झालं.

सेक्रेटरी अभय गावडे गरजले, "रविवारी सगळ्यांसमोर चढवून दाखवायची. पुन्हा घसरली तर गाडी सोसायटीबाहेर!"

लालबागेत बाहेर म्हणजे कुठे? स्कूटर लावायला जागा नाही. गाडी विकणं एवढाच त्याचा अर्थ.

आणि ही गाडी तिने हौसेने घेतलेली. लोअर परळच्या विमा कंपनीत वर्षानुवर्षं नोकरी करून घेतलेली जुनी, पण दांडगी जर्मन गाडी. सगळा जोर मागच्या चाकांना. वडील कोंडीरामबुवा जन्मभर गिरगावातल्या एका शेठची गाडी चालवत आले. बकुळा त्यांच्यासाठी मागचं दार उघडून उभी राहायची आणि म्हातारा पुढचं दार उघडून बसायचा.

"मागे शेठ बसता गो. आपण पुढे."

तेलाची कबुली द्यायला गेलो तर बकुळा चाकाशी उकिडवी बसली होती.

"तेल धुतलं साबणाने, काका. पण ही चाकं त्याआधीही जागीच गरगरायची. बघा, नख तरी रुततंय का?"

नक्षी अजून ठसठशीत होती, पण रबर वाळून लाकडासारखं झालं होतं. हवाही प्रमाणाबाहेर भरलेली. टम्म फुगलेला टायर रस्त्याला जेमतेम मधोमध टेकायचा.

"शिवाय चाक गरगरायला लागलं की इंजिनाला आवरणारं एक बटन असतं," ती खाली बघत म्हणाली. "ते मी बंद ठेवते."

"का गं?"

"आवाज भारी येतो."

"म्हणजे अर्धं खोबरेल तुझंही!"

हसली. मागे नवे, मऊ रबराचे टायर आले. हवा गाडीच्या दारावरच्या पट्टीवर लिहिली होती तेवढीच. बटन चालू. रोज ऑफिसातून आली की ती त्या चढावर पाय हलका ठेवायचा सराव करायची. शेजारणी म्हणायच्या, "बकुळा, एवढ्या वेळात तर लिफ्टही वर जाते!"

रविवारी सगळी सोसायटी गॅलरीत. बकुळाने मागचं दार उघडलं.

"बाबा, मागे बसा. चढावर मागच्या चाकांवर वजन लागतं."

"माझा कसला वजन? हाडां नुसती!"

"असेल तेवढं द्या. नाहीतर गाडी जाईल."

गाडी जाईल म्हटल्यावर म्हातारा गुपचूप मागे बसला. आधी कडेला अवघडून, मग चढ लागला तसा पाठ टेकून. चाकं एकदासुद्धा गरगरली नाहीत. भिंतीवर पाल चढावी तशी गाडी वर गेली. गावडेंनी टाळ्या वाजवल्या, मग आपण सेक्रेटरी आहोत हे आठवून थांबवल्या. वर पोचल्यावरही कोंडीरामबुवा उतरेनात. काच खाली करून म्हणाले, "चौपाटीपर्यंत जाऊन येऊया मा?"

मी धापा टाकत चढ चढून गाडीपाशी पोचलो. वजनाच्या बाबतीत या इमारतीत मला तोड नाही. त्यामुळे मनाला जरा लागलंच होतं.

"बकुळा, वजनच हवं होतं तर मला का नाही बसवलंस मागे?"

तिने गाडी वळवता वळवता माझ्याकडे बघितलं.

"मागे शेठ बसतात, काका."