हॉल्टवरच्या वहिनी

"येऊन राहिली ना. काहून घाबरता?"

वहिनी हे म्हणताना कधी लायनीकडे पाहत नसत. हातातलं काम चालू, मान खाली, आणि डावा हात हवेत असा हलवायच्या की जणू गाडी त्यांच्या मागल्या दारी उभी आहे, नुसती हाक मारायची बाकी आहे. खरं तर गाडी त्या वेळी बरगीच्याही पलीकडे असायची. कधी कधी तर नैनपूरहून निघालेलीही नसायची. पण त्यांनी म्हटलं की माणूस गुमान खाली बसे.

मी फार शिकलेला नाही. चौथीत मास्तरशी भांडलो आणि पुन्हा गेलो नाही. लिहिताना चुका होतील त्या तुम्ही दुरुस्त करून वाचा, मी करणार नाही. आयुष्य रेल्वेच्या गँगमध्ये रूळ उचलण्यात गेलं. जबलपूरची छोटी लाइन, म्हणजे नॅरोगेज, मी पायांनी पाहिली आहे आणि त्याच जागी टाकलेली मोठी लाइनही मी हातांनी पाहिली आहे. तुम्हीही कुठल्या ना कुठल्या स्टेशनावर अशा बाया पाहिल्या असतील, पण लक्ष दिलं नसेल. म्हणून सांगतो.

वहिनींचे यजमान माझ्या गँगमध्ये होते. तापानं गेले. पोरगी लहान. वहिनी आमच्याच गल्लीत, हाऊबाग स्टेशनाच्या मागं राहत. कोणी म्हणे माहेरी जा, कोणी म्हणे धुणीभांडी करा. वहिनींनी कोणाचं ऐकलं नाही आणि बरगीच्या अलीकडचा एक हॉल्ट चालवायला घेतला. हॉल्ट म्हणजे स्टेशनही नव्हे. एक टिनाचं शेड, एक बाकडं, एक पाटी. रेल्वेचा माणूस तिथं नसतो. तिकिटं विकायला बाहेरचाच कोणी ठेवतात, विकेल तेवढ्यावर त्याचं कमिशन. तिथं वहिनी बसू लागल्या. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. त्या हॉल्टचं नाव मी लिहीत नाही. आता ते तिकिटावर येत नाही.

मी म्हणालो होतो, "वहिनी, जंगलात एकट्या बाईनं बसायचं म्हणजे..."

"भाऊजी, एकटी कशी? गाडी येते ना."



छोटी गाडी कशी होती ते नव्या लोकांना सांगून समजत नाही. चढावर पोरं उतरून बाजूनं चालत आणि वर पुन्हा चढत. तिला लोक हसत, आणि तीच त्यांना जबलपुरात पोचवी. दूधवाले, बरगीकडचे मासळीवाले, टोपल्या घेतलेल्या बाया, कोर्टात तारीख असलेले, बकऱ्या. आमच्या हॉल्टचं गाव लायनीपासून लांब, मधे शेतं. माणसं बांधावरून येत. गाडी दिसली की बांधावरला माणूस डोक्यावरचा गमछा काढून हवेत फिरवी. म्हणजे, मी येऊन राहिलो, थांबा.

आता गाडी थांबवणं काही तिकीट विकणाऱ्या बाईच्या हातात नसतं. कायदा कायदा आहे. मग वहिनींनी एक रीत बसवली होती. शेडमध्ये माठ होता. गाडी लागली की त्या पितळेचा ग्लास भरून मागं गार्डच्या डब्यापाशी जायच्या.

"गार्डसाहेब, पानी तो पी के जाओ."

गार्ड पाणी पिई. त्यानं ग्लास परत दिला की तो हिरवी झंडी दाखवी. पण बांधावर गमछा दिसला असेल, तर वहिनी दुसरा ग्लास भरत. दुसरा ग्लास पुढं आला की गार्ड समजे की कोणीतरी शेतात आहे. तोही मग घोट घोट पिई. तहानलेल्या माणसाला थांबवायला कुठला कायदा आहे? बांधावरून म्हातारी येत असली तर तिसराही व्हायचा.

एकदा एक जाडा गार्ड होता, तो पोट धरून म्हणाला, "दीदी, आपके गाँव वाले जल्दी उठते क्यों नहीं? मेरा पेट फट जाएगा."

वहिनी म्हणाल्या, "भैया, पानी नर्मदाजी का है. पुन्न लगेगा."

"पुन्न पेशाब में जा रहा है, दीदी."

सगळा डबा हसला. तेवढ्यात म्हातारी चढली.

मोठी लाइन होणार असं ठरलं तेव्हा माझ्यासारखा खूश माणूस नव्हता. मी कोणाला घाबरत नाही, तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो: मोठी लाइन पाहिजेच होती. छोट्या गाडीत पेशंट घेऊन निघालं तर पेशंट वाटेतच बरा व्हायचा किंवा वाटेतच जायचा. गोंदिया, नागपूर जवळ आलं. हे चांगलंच झालं. वहिनीही माझ्याच बाजूच्या होत्या. त्या माझ्याहून जास्त बोलत. हॉल्टवर सगळ्यांना सांगत, "बड़ी गाड़ी आएगी, बारह डब्बे की. बकरी के लिए भी जगह होगी." मोठं शेड होईल, नळ लागेल, दिवसातून पुष्कळ गाड्या होतील. सगळं त्यांना दिसत होतं.

छोटी लाइन बंद झाली. रूळ उखडायला आमचीच गँग होती. वहिनी घरी शिवणकाम करू लागल्या. पण अधूनमधून बसनं हॉल्टवर जाऊन यायच्या. शेड झाडायच्या, माठ पालथा आहे ना पाहायच्या.

त्या गावात दूधवाले दादा होते. त्यांची नात. पोरगी हुशार, छोट्या गाडीनं रोज जबलपूरला येऊन नर्सचं शिकत होती. गाडी बंद झाली तशी तिची पंचाईत झाली. बस गावापासून लांब, ती पण भरलेली, वाट जंगलाची. दादांनी वहिनींना विचारलं, "दीदी, शहर में कमरा दिला दें क्या बिटिया को? हॉस्टल-वॉस्टल?"

वहिनी म्हणाल्या, "काहे को? पराए घर में जवान लड़की. थोडं थांबा. गाडी येऊन राहिली."

दादांनी ऐकलं. तीस वर्षं त्या बाईनं सांगितलं तेव्हा गाडी आली होती. त्यांनी काहून ऐकू नये? पोरगी घरी थांबली. शिक्षण थांबलं. काम लांबलं. पुलाचं काम, मातीचं काम, मग जंगलातलं काम. दर वेळी पोरगी विचारी, "दीदी, कब से?" आणि वहिनी तो हात हलवत.

मी एकदा त्यांना म्हणालो, "वहिनी, हॉल्ट राहील असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"लायनीवरच्या साहेबाला विचारलं ना मी. ते म्हणाले, देखेंगे अम्मा, ज़रूर देखेंगे."

"साहेबाचं देखेंगे म्हणजे हो नव्हे. मी चाळीस वर्षं देखेंगे ऐकलं आहे."

"तुम्ही शंकेखोर आहात, भाऊजी. आधीपासून."

भांडून पाहिलं होतं. आमच्या दोघांत जास्त हट्टी कोण हे यजमानांनाही ठरवता आलं नव्हतं.

पहिली मोठी गाडी जाणार होती त्या दिवशी मी सकाळीच वहिनींसोबत हॉल्टवर गेलो. रिटायर झालो होतो, पण माझ्या हातच्या रुळावरची पहिली गाडी मला पाहायची होती. इंजिनासाठी झेंडूचा हार नेला होता. वहिनींनी इस्त्रीची साडी नेसली होती. ग्लास चिंचेनं घासून असा केला होता की त्यात तोंड दिसत होतं. हापशावरून माठ भरून आणला, त्यावर ओलं फडकं गुंडाळलं. गावातली पुष्कळ माणसं आली होती. कोणाच्या हातात नारळ, कोणाच्या हातात टोपली, कारण पाहायलाच आले नव्हते, जबलपूरला जायलाही आले होते.

गाडी दिसली तेव्हा दूधवाले दादा आणि नात अजून बांधावर होते. पोरीच्या पाठीला कॉलेजची बॅग होती. दादांनी गमछा काढला आणि हवेत फिरवला. आरामात, जसा नेहमी फिरवत. दोघांपैकी कोणी पळालं नाही. काहून पळतील? गाडी त्यांच्यासाठी नेहमी थांबत आली होती.

वहिनींनी बांधाकडे पाहिलं आणि ग्लास भरला. आणि जिथं गार्डचा डबा येईल असं त्यांना वाटलं तिथं जाऊन उभ्या राहिल्या.

मी रुळाकडे पाहत होतो. आवाजावरूनच मला समजलं. थांबणारी गाडी असा आवाज करत नाही.

"वहिनी, मागं व्हा."

त्या झाल्या नाहीत. मी दंड धरून त्यांना मागं ओढलं. गाडी समोरून गेली. निळे डबे, स्वच्छ, खिडक्यांत माणसं, एकदोघांनी हात हलवला. वाऱ्यानं धूळ उठली, पाणी सांडलं, माझा हार जमिनीवर पडला. शेवटचा डबा गेला आणि दूर ग्वारीघाट स्टेशनाच्या बाजूला भोंगा वाजला. तिथं थांबणार होती. इथं नाही.

नारळवाल्यानं नारळ पिशवीत ठेवला.

दादा आणि नात तशाच चालीनं आले. वहिनी ग्लास हातात घेऊन उभ्या. दादांनी तो त्यांच्या हातातून घेतला, त्यात उरलं होतं तेवढं पाणी प्यायले आणि परत दिला.

"कोई बात नहीं, दीदी. आपका क्या दोष."

मग नातीकडे न पाहता म्हणाले, "लड़के वाले कब से पूछ रहे हैं. अब ब्याह ही कर देते हैं."

पोरगी बाकड्यावर बसली आणि बॅगेची चेन उघडत, लावत राहिली. वहिनी तिच्याजवळ गेल्या, खांद्यावर हात ठेवायला हात उचलला, आणि ठेवला नाही.

त्यानंतर वहिनी मला घेऊन ऑफिसात गेल्या. साहेब भले होते, खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, जागोजागी थांबली तर गाडीला वेग कसा मिळेल, आणि तिथून चढतं कोण. त्यांचंही बरोबर असेल. मी रेल्वेचा माणूस आहे, मला कळतं.

"अम्मा, अब तो बस भी चलती है उधर."

वहिनी म्हणाल्या, "साहब, बस में बकरी नहीं बैठने देते."

साहेब हसले. वहिनी हसण्यासाठी बोलल्या नव्हत्या. मग म्हणाल्या, "और साहब, एक लड़की का कॉलेज है."

"देखेंगे, अम्मा."

या वेळी मला काही सांगावं लागलं नाही.

पोरीच्या लग्नाचं बोलावणं आलं. वहिनी गेल्या नाहीत. साडी आणि भांडं माझ्या हाती पाठवलं. परत आलो तेव्हा दारातच विचारलं, "काही म्हणाली का?"

"पाया पडली. म्हणाली, दीदींना सांगा, मी ठीक आहे."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

वहिनी आत गेल्या आणि मशीन चालवू लागल्या. मशीनमध्ये कापड नव्हतं. मी ओट्यावर बसून ऐकत होतो.

मग त्यांचं ते हात हलवणं बंद झालं. गल्लीत कोणी पोराची वाट पाहत असला, कोणी गॅसच्या गाडीची, आधी वहिनींनी दोन शब्द टाकले असते. आता नाही. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "मला काय माहीत."

लेक गोंदियाला दिली आहे. तिनं आईला घेऊन जायचं ठरवलं. वहिनी मोठ्या गाडीत बसायला तयार नव्हत्या, बसनं जाईन म्हणाल्या. मला राग आला. म्हणालो, "ती लाइन तुमच्या यजमानांच्या गँगनं टाकली आहे, वहिनी. आम्ही चोरीचं काम केलं नाही." तेव्हा तयार झाल्या. पोचवायला मीच निघालो.

मागच्या थंडीत त्या गोंदियालाच वारल्या. लेकीचा फोन आला तेव्हा मला त्यांचा चेहरा आठवला नाही. तो प्रवास आठवला.

खिडकीची जागा दिली होती त्यांना. नर्मदेचा पूल आला तेव्हा डब्यातल्या सगळ्यांनी हात जोडले, त्यांनीही जोडले. पूल गेला. मी डोळे मिटले असतील. उघडले तर वहिनी जागेवर नव्हत्या. पिशवी खांद्याला लावून, पदर खोचून दाराशी उभ्या होत्या.

दारात एक कॉलेजचा मुलगा होता. म्हणाला, "अम्मा, उतरना है? कौन सा स्टेशन?"

वहिनींनी हॉल्टचं नाव सांगितलं.

त्यानं मोबाईल काढला, बोटानं वरखाली केलं. "ऐसा तो कोई स्टेशन है ही नहीं इस लाइन पे."

मी मागून म्हणालो, "है. तू बाजू हट."

तो हटला. वहिनींनी दाराची दांडी धरली. गाडीनं वेग घेतला होता, बाहेर शेतं नुसती पळत होती. हॉल्टचं शेड कोणीतरी नेलं होतं, खांब उभे होते, तेही दिसले न दिसले. बांधावर कोणी नव्हतं.

बरगी आलं. माणसं चढली, उतरली, वहिनींना धक्के लागले. मी दोनदा म्हणालो, जागेवर चला. त्यांनी मान हलवली, पण हलल्या नाहीत. शेवटी मीही त्यांच्या मागं उभा राहिलो, पडू नयेत म्हणून. नैनपूरपर्यंत आम्ही दोघं तसेच दारात उभे होतो.