मी अनुमोदन परत घेतलं तेव्हा

सभेत "अनुमोदन" असं ओरडायची मला सवय होती. कोणीतरी अनुमोदन दिल्याशिवाय विषय पुढे सरकत नाही आणि विषय संपल्याशिवाय वडे बाहेर येत नाहीत. त्या रविवारी विक्रोळीच्या शाळेच्या हॉलमध्ये अध्यक्ष एका सुरात काहीतरी वाचत होते. मला वाटलं, मागच्या सभेचं इतिवृत्त. मी जोरात म्हणालो, "अनुमोदन."

शेजारी आमच्या खालच्या मजल्यावरचे तात्या बसले होते. गिरणीतून निवृत्त, वय साठीपार. ते शांतपणे म्हणाले, "झिला, माझ्या हर्नियाक नारळ दिलंस."

आमचं आजारपणाचं सहकारी मंडळ होतं. प्रत्येकाने शंभराचे चार-पाच शेअर घ्यायचे, महिन्याला वर्गणी भरायची आणि घरात कुणी हॉस्पिटलात गेलं की अर्धं बिल मंडळाने द्यायचं. गिरण्यांचा संप लांबला आणि वर्गण्याही संपावर गेल्या. आजार मात्र रोज कामावर हजर. तिजोरीत खडखडाट झाला. मंडळाला वाचवायला घाटकोपरचा एक नर्सिंग होमवाला पैसे घालायला तयार होता. अट एकच, पंचावन्नच्या पुढच्यांना मंडळाने बिल द्यायचं नाही. मी अनुमोदन दिलं होतं ते या ठरावाला. तात्यांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात होतं.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला ठराव वाईट वाटला नाही. नर्सिंग होमवाला आला तर माझे पाच शेअर वाचणार होते. नाही आला तर मंडळ बुडणार आणि पाचशे रुपयांचे कागद ट्रंकेत अंथरायच्या कामाचे. मग मी माझं वय मोजलं. सेहेचाळीस. म्हणजे नऊ वर्षं नेमाने वर्गणी भरायची आणि खरी दुखणी सुरू झाली की घरी बसायचं. परोपकार वगैरे मला नंतर सुचला.

मी उभा राहिलो. "अध्यक्षमहाराज, मी अनुमोदन परत घेतो."

"अनुमोदन म्हणजे काय भाजी आहे का, परत करायला?" अध्यक्ष म्हणाले. हॉल हसला. "बरं, घ्या परत. मग पैसे कोण घालणार? तुम्ही?"

"हो," मी म्हणालो. म्हणजे तोंडातून निघून गेलं.

"किती?"

फ्रिजसाठी साठवलेले हजार रुपये डोळ्यांपुढे आले. बायकोही आली. "आणखी दहा शेअर घेतो. पण वयाची अट नको. आणि सगळ्यांनी निदान एकेक तरी घ्या, नाहीतर माझे हजार एकटेच बुडतील."

मग तात्या गुडघ्यांवर हात टेकून उठले. "दोन माझे. हप्त्यान देतलंय." मागून एक फिटर म्हणाला, "चार लिहा यार. म्हाताऱ्याने दोन घेतले, आपण काय बघत बसायचं?" मग रांगच लागली. चिटणिसांचं पावतीपुस्तक संपलं, तेव्हा सभेच्या नोटिशींच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नावं लिहिली गेली. नर्सिंग होमवाल्याचा ठराव दप्तरात गेला. वडे थंड झाले, तरी कोणी कुरकुरलं नाही. मला हार घालायला फूल नव्हतं, म्हणून अध्यक्षांनी स्वतःचा वडा दिला.

घरी मात्र बातमी माझ्याआधी पोचली होती. बायकोने चहा दिला, पण फ्रिजबद्दल अवाक्षर काढलं नाही. महिनाभर नाही. आमच्या घरात ते भांडणापेक्षा जड असतं.

ऑपरेशन झालं, अर्धं बिल मंडळाने दिलं आणि पंधरवड्याने तात्या कठड्याला धरून एकेक पायरी चढत आमच्याकडे आले, हातात कोकमाच्या सोलांची पुडी घेऊन. ते गेल्यावर बायको दार लावून आली.

"त्या दहातले पाच माझ्या नावावर करा," ती म्हणाली. "पुढच्या सभेला मी येणार. तुम्ही तिथे आणखी काय देऊन टाकाल याचा नेम नाही, आणि नाही म्हणायला घरातलं एक मत तरी हवं."