एंगेज लागलेला फोन

माळ्यावर टेलिफोनची जुनी वायर सापडली आणि मांडवीतलं घर आठवलं. त्या रात्री तिथे खाऱ्या वाऱ्याने खिडकी वाजत होती. ती वायर मी कॉम्प्युटरला लावलेली, म्हणजे घरचा फोन बंद. इंटरनेटवर फॉर्म्युला गाड्यांच्या गेमची लीग मीच भरवलेली. शेवटच्या शर्यतीतून आयोजकानेच उठायचं कसं? बाबा जहाजावर. बंदर लागलं की फोन करायचे. "फोन नाय ना वाजला रे?" आई सारखी विचारी. "नाय," म्हणत मी स्क्रीनकडेच बघत राहिलो. रजेवर आल्यावर बाबा म्हणाले, "मागे बंदरातून फोन केला, तेव्हा एंगेज लागत होता. म्हटलं, गप्पा चालल्यायत, म्हणजे घरी सगळं ठीक." आईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो, माझीच बडबड चालली होती बहिणीशी." आजही आईचा फोन एंगेज लागला की मला बाबांसारखं निर्धास्त होता येत नाही.