मेंदूशास्त्राचा होकार

मेंदूवरच्या पीएचडीची मुलाखत द्यायला मी रोह्याहून बंगळूरला गेले, तेव्हा बाबा सोबत होते. पेशानं मास्तर, पण ताईचं लग्न जमवल्यापासून स्वतःला मुलाखतींचे जाणकार समजायचे. प्राध्यापक म्हणाले, "महिन्याभरात पत्रानं कळवू." बाबांचा चेहराच पडला. "जागेवर होकार न देणारे नंतर कधीच देत नाहीत," त्यांनी मला परतीच्या गाडीत समजावलं आणि घरी पोचताच आळीभर माझा नकार जाहीर करून टाकला.

महिन्यानं प्रवेशाचं पत्र आलं. बाबा ते पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

माहेरी आलेली ताई भाजी निवडता निवडता म्हणाली, "बाबा, मग माझ्या वेळी त्या पेणच्या स्थळाचीसुद्धा महिनाभर वाट बघायची होती की!"

भावोजी समोरच चहा पीत होते.