कुंपणाबाहेर उभी होती

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते बोंबील वाळत घालायचं. नवापूरला आमच्या घरामागे वलांडी आहे, म्हणजे बांबू रोवून दोर ताणलेले. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरावर टाकायची. मी पाटीतून उचलून द्यायचो, हिरू अडकवायची. मोठ्याबरोबर ती नेहमी बारका लावायची. म्हणायची, मोठा धरून ठेवतो, वारा आला तरी बारका जात नाय.

आमचा दामू समोर उभा होता. उतारवयात झालेलं एकच पोर. मॅट्रिक झाला होता, मुंबईच्या कॉलेजात नाव लागलं होतं. शाळेच्या मास्तरांनी सांगितलेलं, पहिल्या दिवशी सगळ्या नव्या पोरांना हॉलमध्ये बसवतात, प्रिन्सिपॉलसाहेब बोलतात, कॉलेज दाखवतात, आणि मग एकेकानं उभं राहून आपलं नाव-गाव सांगायचं असतं. हिरूनं तेवढंच धरून ठेवलं होतं. हातात बोंबील घेऊन ती प्रिन्सिपॉल झाली होती.

"नाव काय रे तुजा?"

"दामोदर."

"उभा रा नीट, वाकू नको. गाव?"

"आमी नवापूरचे..."

"आमी नाय. आम्ही. म्हण, आम्ही."

"तू पण आमीच बोलतेस, आये."

"मी काय कालेजात चाललेय? मी बोंबील लावतेय. बोल तू."

मी म्हटलं, "अगो प्रिन्सिपॉलीण, हात चालव. ऊन उतरला."

"तुमी गप रावा. तुमच्या बापसानं तुमाला चौथीतनं काढला. माजा पोऱ्या चौथीवाला नाय."

एवढंच. दुसऱ्या दिवशी ती बाजारातून आली, दारात उभी राहिली, आणि डोक्यावरची पाटी उतरवायला कोणी हात द्यायच्या आधीच खाली बसली. छातीत दुखतं म्हणाली. तारापूरहून डॉक्टर आणेपर्यंत काही राहिलं नव्हतं.

आता हे मासिकात कशाला लिहितोय? तुमचं हे पान मी वाचतो. कोणाला पिंपळावर बाई दिसते, कोणाला पायांचे आवाज येतात. मला त्यातलं एकही कधी खरं वाटलं नाही. उभा जन्म दर्यावर गेला माझा. लोक म्हणतात दर्यावर काय काय दिसतं... मला पाणी दिसलं, आणि दुसऱ्याच्या जाळ्यातली मासळी चोरणारी माणसं दिसली. मेलेलं माणूस परत आलेलं दिसलं नाही. अजूनही दिसलेलं नाही. दिसलं ते दुसऱ्याला, आणि माझं दुखणं तेच आहे.

पण आधी कपड्यांचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

दामू मॅट्रिकच्या परीक्षेला पालघरला गेला होता, तेव्हा त्याच्या बाकाजवळचा पोरगा नाक धरून लांब सरकला. बोंबलाचा वास. आम्हाला तो येत नाही. आमच्या घराला, भिंतींना, पाण्याला, सगळ्याला तो आहे, मग वेगळा कसा येणार? पोरानं आईला सांगितलं आणि विसरला. आई विसरली नाही. कॉलेजसाठी तिनं पालघरच्या शिंप्याकडे पांढरा शर्ट आणि फुलपँट शिवायला टाकली. जन्मातली पहिली फुलपँट. मॅट्रिकपर्यंत पोरगा चड्डीवरच होता. आणि हिरूनं ठरवलं, हे कपडे घरात आणायचेच नाहीत. गावातसुद्धा नाही. केवड्याचं पान घालून दुसरीकडेच ठेवायचे, आणि पोरानं त्या दिवशी तिथूनच घालून जायचं.

मी विचारलं होतं, "कुठं ठेवलेस?"

"सांगणार नाय. तुमी कौतुकानं जाल नि हात लावाल."

न सांगता गेली. आता बोला.

दहाव्याला खाडीवर पोराचं डोकं केलं. कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, बाईचा जीव कशात अडकला नाही. मी म्हटलं, सुकटीच्या गावातला कावळा तो, त्याला कशाचं वावडं? त्यावर भटजी माझ्याकडे बघायचे थांबले.

पोरगा घरी आला तो भिंतीकडे तोंड करून बसला. "मी जाणार नाय," म्हणाला. "चड्डीवर आणि ह्या भुंड्या डोक्यानं? हॉलमध्ये उभं राहायचं? हसतील."

न जाऊन चालणार नव्हतं. त्या दिवशी जो हजर नसेल त्याची वसतिगृहातली जागा दुसऱ्याला जाते, हे मास्तरांनी बजावलं होतं. मुंबईत आमचं कोण? जागा गेली की कॉलेज गेलं. मी शिंप्याकडे जाऊन आलो. तो म्हणाला, बाई कधीच कपडे घेऊन गेल्या. घर धुंडाळलं, तिच्या पाट्या उलट्या केल्या. गावात फुलपँट एक मास्तरांची, ती दामूला गुडघ्यापर्यंत यायची. माझी थोरली भावजय रोज येऊन एकच बोलायची, "सुतक सरला तरी वरीस नाय सरला. पोऱ्याला होडीवर घ्या. दोन हात गेले घरातले, अजून दोन कशाला घालवता?"

आणि वलांडीवरचे बोंबील तसेच होते. पाऊस लांबला होता त्या साली. भावजय म्हणाली, काढून घेऊ का, फुकट जातील. मी म्हटलं, हात लावायचा नाही. त्या जोड्या तिच्या हातच्या होत्या.

बाराव्याचं जेवण झालं. दुपार होती, पंगत उठत होती, ऊन असं की अंगणात पाय ठेववत नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण असल्या गोष्टी लोक अंधारात घडवतात. एक बाई कुंपणापाशी आली. मी तिला ओळखत नव्हतो. शेतावरची बाई, गुडघ्यापर्यंत लुगडं, पाय धुळीनं माखलेले. लांबून चालत आली होती.

"हिरू हाय का घरात?" तिनं विचारलं. चांगली हसत.

हातांवर पाणी घालणारी भावजय तिच्याकडे वळली.

"मी मथुरा. बोयसरच्या पल्याड ऱ्हाते, डोंगराच्या अंगाला. हिरू सुकट आणते आमच्याकडं, मी तांदूळ देते तिला." तिनं दामूला पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. "अगो बाय, खरंच भुंडा केलाय पोऱ्याला. मला वाटला हिरू मस्करी करते."

मी विचारलं, "कसली मस्करी?"

"काल आली होती नव्हं ती माझ्याकडं. म्हणाली, पोऱ्याचे कपडे हायत ना तुझ्या पेटीत, ते नीट बघ. नि बोयसरच्या बाजारातनं एक टोपी घेऊन ठेव, पोऱ्याचा डोका भुंडा हाय. मी म्हटला, कालेजात जाणाऱ्या पोऱ्याचा डोका कशाला भादरलास गो, उवा झाल्या का? ती काय हसली नाय. परवा त्याला पाठवते म्हणाली. पण तिच्या आवाजात काय दम नव्हता, म्हणून म्हटला आपण जाऊन सांगून येऊ, टोपी घेतली म्हणून."

भावजयीच्या हातातलं पाण्याचं भांडं पडलं. तरी त्या बाईला काही कळलं नाही. पंगत बघितली, पत्रावळी बघितल्या, म्हणाली, "कसला जेवण हाय? हिरू कुठं हाय?"

दामूनं सांगितलं. मला नाही जमलं. पोरगा म्हणाला, "मावशी, आज आयेचा बारावा हाय."

मथुराबाय होती तिथंच बसली. उन्हात. उठवली तर उठेना. बसल्या बसल्याच म्हणाली, "तरीच मांजरी नाय उठली."

"काय?"

"आमची मांजरी. हिरू आली की पाटीभोवती फिरते, हाकलली तरी जात नाय. काल पडवीत पडून ऱ्हायली. डोळा उघडला नाय. मी हिरूला म्हटला पण, आज वास नाय गो तुझ्या अंगाला, साबण लावलास का. आत बोलावली तर कुंपणाच्या आत येईना. म्हणाली, नको, पोऱ्याच्या कपड्यांना वास लागंल."

मी विचारलं, "माझं काय बोलली?"

"नाय भावजी. पोऱ्याचाच बोलत होती."

"काहीच नाय? निरोप?"

"नाय."

दोन वेळा विचारलं. दोन्ही वेळा नाय.

मी ह्याचा विचार खूप केला आहे. मथुराबायनं रचलं असेल? कशासाठी? आणि दामूनं सांगितलं तेव्हाचं तिचं तोंड मी पाहिलंय, ते रचता येत नाही. हिरूनं आधीच सांगून ठेवलं असेल? कपड्यांचं सांगितलं असेल. पण टोपीचं कसं सांगेल? पोराचं डोकं केलं ते तीच गेली म्हणून. हे तिला जिवंतपणी कसं कळावं? बातमी बोयसरपर्यंत पोचली असेल, असंही मनात आलं. तेव्हा तारापूरला अणुविजेचं काम नुकतं निघालं होतं, रस्त्यावर माणसांची वर्दळ, कोण कुठं काय बोललं असेल सांगता येत नाही. म्हणून पुढं मी बोयसरला जाऊन टोपीवाल्याला गाठलं. परप्रांतातला माणूस. म्हणाला, "हाँ, आई थी एक बाई. बोली, सहेली के लडके को चाहिए. हमने पूछा, सर कितना बडा? बोली, रुको, बाहर खडी है, पूछके आती हूँ."

बाहेर कोण होतं ते त्यानं पाहिलं नव्हतं. मी मथुराबायला विचारलं, तर ती म्हणते, हिरू माझ्यासंगती बाजारात आलीच नव्हती, मी असं काही बोललेच नाही. आता ह्यातलं खरं कोणाचं? मला उलगडलेलं नाही. तुमच्यात कोणी जाणकार असेल तर त्यानं सांगावं. पण आत्मा अमर असतो वगैरे मला सांगू नका. ते मला भटजींनी दक्षिणा घेऊन सांगितलेलं आहे.

पोरगा त्या दिवशी वेळेवर पोचला. जागा मिळाली. हॉलमध्ये कोणीतरी टोपी काढायला लावली, मागून पोरं हसली, तर बाजूला बसलेल्या पोरानं हळूच विचारलं, कोण गेलं रे? त्याचा तो अजून दोस्त आहे. दामू उभा राहून बोलला, आम्ही नवापूरचे. आईनं सांगितलं तसं. तेव्हापासून तो घरीसुद्धा आम्हीच म्हणतो. आता शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीत येतो, आणि मी आमी बोललो की खाली बघतो. हिरूला हेच पाहिजे होतं. झालं तिच्या मनासारखं.

माझ्या मनात एकच राहिलं. आमच्या दारापासून मथुराबायच्या दारापर्यंत केवढी वाट आहे. ती एवढी चालली. पोरासाठी चालली, मला मान्य आहे. पण निघाली असेल ती कुठून? खाडीवरूनच ना? खाडीवरून बोयसरची वाट माझ्या वलांडीच्या बाजूनं जाते. मी तिथंच बसलेला असायचो. सबंध दिवस तिथंच. एवढ्या वर्षांचा संसार, आणि बाई बाजूनं निघून गेली.

त्या बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दामू निघाला. चड्डीवर, पिशवी खांद्याला. मथुराबायकडे अंघोळ करून, कपडे घालून, तिथून बोयसर स्टेशनला जायचा होता.

"बाबा, संगती चला ना."

"तू हो पुढं. तुझ्या कपड्यांना वास लागंल."

"अजून घातलेत कुठं?"

"हो म्हटला ना पुढं."

तो गेला. मी उजाडायची वाट बघितली आणि वलांडीवरचे बोंबील काढले. जोड्या सोडवल्या नाहीत, मोठ्याबरोबर बारका, तशाच तिच्या पाटीत भरल्या. डोक्यावर चुंबळ ठेवली, वर पाटी घेतली. आमच्यात पाटी बाई उचलते. पुरुष खांद्यावरून कावड नेईल, जाळं नेईल, डोक्यावर पाटी घेणार नाही. भावजय दारात उभी होती. जन्मभर अडवत आलेली बाई, त्या दिवशी वाटेतून बाजूला झाली.

वाट विचारत विचारत पोचलो. गाडी केव्हाच गेली होती. फुलपँटीतला पोरगा मी बघितला नाही, आणि बघायचा नव्हताच. बघितला असता तर हात लावला असता.

मथुराबायचं कुंपण निवडुंगाचं आहे. मी बाहेरच थांबलो. आत चूल पेटलेली होती, धूर होता, तिला मी दिसत नव्हतो, दिसली असेल तर कुंपणावरून वर आलेली पाटी. पडवीतली मांजरी उठली, अंग ताणून माझ्याकडे आली आणि पायांत घोटाळायला लागली.

आणि आतून मथुराबायचा आवाज आला, रोजच्यासारखा.

"आलीस का गो हिरे? थांब, भात उतरवते नि आले."

मी डोक्यावरची पाटी तशीच धरून उभा राहिलो.