भिंतीपलीकडची कराची

स्वतःच्या मालकीचा समुद्र असलेला माणूस अख्ख्या मुलुंडात एकच होता, आणि तो आमच्या भिंतीपलीकडे राहायचा. सारी चाळ त्यांना कराचीचे काका म्हणायची. फाळणीच्या वेळी काका-काकू एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन बोटीने मुंबईला आले. पण काकांचं म्हणणं असं, की आपण कराची सोडलेली नाही, ती फक्त आणायची राहिली आहे. ती त्यांनी पुढच्या आठ वर्षांत आपल्या बाहेरच्या खोलीत आणली. काड्यापेट्यांची दुकानं, चहाच्या खोक्याच्या फळ्यांच्या इमारती, दंतमंजनाच्या डब्याचा घुमट, आणि दाराशी सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाचा समुद्र. चाळीत कोणी रिकामं पाकीट चुरगळून फेकलं की काका कळवळायचे, "अरे साईं, अर्धी लाट घालवलीस!"

दर रविवारी सकाळी हे शहर पाहायला खुलं असे. चपला बाहेर काढायच्या, बंदरापासूनच सुरुवात करायची आणि पाऊलभर रुंदीच्या वाटेने काकांच्या मागून चालायचं. मधूनच शिरायला सक्त मनाई. छत्रीच्या मोडक्या काडीने ते एकेक गोष्ट दाखवत, आणि ट्राम, उंटगाड्या, बिस्किटांचं दुकान असं सगळं मी निदान तीसेक वेळा तरी पाहिलं असेल. शेजारचं मांजर बंदर रोडवर पसरलं तर ते त्याला हुसकत नसत. "आज ट्राम बंद," एवढंच म्हणत आणि पुढे जात. एकदा आमच्याकडे आलेल्या गिरगावच्या पाहुण्यांचा तोल गेला आणि त्यांचा पाय सरळ समुद्रात पडला. मला वाटलं, आता पाहुण्यांची वाट लागली. पण काकांनी दोरीवरचा पंचा काढून त्यांच्या हातात दिला. पाहुण्यांनीही, कोण जाणे का, मुकाट्याने आपला कोरडा पाय पुसला.

माप मात्र पक्कं होतं. कराचीत ते रोज घरापासून बंदरावरच्या कचेरीपर्यंत चालत जात आणि पावलं मोजत. शंभर पावलांना चार बोटं, या मापाने रस्ते आखलेले. घरांना हे माप लागू नसे, घरं आठवणीत जेवढी मोठी तेवढी. काकू या सहलीत कधी सामील होत नसत. आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसत आणि लोक गेले की एवढंच विचारत, "अहो, आपली गल्ली आली का?"

"येतेय. चालत यायचं म्हणजे वेळ लागतोच ना," काका म्हणत. हे उत्तर काकूंनी आठ वर्षं ऐकलं.

मग एका उन्हाळ्यात गल्ली आली आणि तिथेच घोटाळा झाला. गल्ली वळली, तर समोर भिंत. मापाने काकांचं घर आणखी चार बोटं पुढे, म्हणजे भिंतीच्या आरपार आमच्या खोलीत पडत होतं. आमची ही तांदळाचा डबा ठेवायची, बरोब्बर त्या कोपऱ्यात. मी शहाणपणा केला. म्हटलं, "काका, गल्ली जरा आखूड करा. कोणाला कळणार आहे?"

"साऱ्या कराचीला एक माप आणि मला वेगळं?" काका म्हणाले. "मला कळेल ना."

पुढचे दोन रविवार शहर बंद राहिलं. काकूंनी गल्लीचं विचारणंही सोडून दिलं, आणि ते मला फार लागलं. तिसऱ्या रविवारी काका आमच्या दारात उभे. अंगात कोट, हातात पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"सूनबाई, तुमच्या कोपऱ्यात वीतभर जागा मिळेल का?" त्यांनी हिला विचारलं. "डबा हलवावा लागेल."

जिथे मला माझं वर्तमानपत्रही ठेवायची परवानगी नव्हती, तिथला डबा हिने स्वतः उचलला. काकांनी सुतळी घेऊन या खोलीतून त्या खोलीत तीन खेपा घातल्या आणि घर ठेवलं. दोन खोल्या, बाहेरून जिना, गच्चीवर दोऱ्याला हिरव्या लुगड्याची चिंधी वाळत घातलेली. काकू आल्या, खाली बसल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी करंगळीने दार ढकललं. ते उघडलं.

"निघताना कडी लावली होती आपण," काकू म्हणाल्या.

"लावली होती," काका म्हणाले. "मी काढून ठेवलीय."

मी उगाच डब्यासाठी दुसरी जागा शोधत फिरलो.

त्यानंतर काकांनी शहरात काडीचीही भर घातली नाही. काकू रोज दुपारी हक्काने आमच्याकडे येऊन त्या कोपऱ्याशी बसत. काका मात्र रविवारीच येत, आणि दरवेळी दाराबाहेर थांबून विचारत, "येऊ का?" एकदा हिला राहवलं नाही. "काका, आपल्याच घरी यायला विचारता कशाला?"

ते जरा हसले. "सवय लागलीय गं आता," म्हणाले.

तेव्हापासून रविवारी सकाळी आम्ही दार नुसतं लोटून ठेवायला लागलो. तरी ते बाहेर उभे राहून विचारायचेच.