हात लावायची जागा

त्या उन्हाळ्यात माझी साखर कुणी घेत नव्हतं. म्हणजे मी पुण्यात, प्रयोगशाळेत बनवलेली साखर. शरीरातली काही एन्झाइमं साखरेचा एकेक रेणू उचलतात आणि प्रथिनावर नेऊन बसवतात. त्या साखरेला मी रसायनाचं एक बारीकसं शेपूट जोडलं होतं. शेपटाला हिरवा रंग चिकटला की साखर कुठे जाऊन बसली ते दिसणार होतं. पण माझं एन्झाइम साधी साखर झटक्यात घ्यायचं आणि शेपूटवाली दिली की रुसलेल्या जावयासारखं बसून राहायचं. वर्ष असंच गेलं. शेवटी सरांनी सांगून टाकलं, "जूनपर्यंत बघू, नाहीतर विषय बदला."

विषय बदलायचा म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मी चिडून घरी गेले, वडवणीकडे.

दुष्काळ होता. सहकारी साखर कारखान्यानं माळावर चारा छावणी उघडली होती आणि माय आणि दादा, म्हणजे माझे वडील, बैलजोडी घेऊन तिथेच राहायला गेले होते. वीस हंगाम दोघांनी कारखान्याला ऊस तोडून घातला होता. आता कारखानाच लांबून ट्रकनं ऊस आणून त्यांच्या बैलांना घालत होता. दादांना याची भारी मजा वाटायची. येणाऱ्याजाणाऱ्याला ते ऐकवायचे, "आता त्येंची पाळी हाय, घाला म्हणावं!"

सकाळी ट्रक आला. आमच्या वाट्याच्या उसाची मोळी मी हौसेनं बांधली. पाण्याची बाटली हातात कशाला, म्हणून तीही मोळीच्या मधोमध बांधून टाकली. दादा मोळी उचलून मायच्या डोक्यावर द्यायला वाकले. नेमकी बाटली आडवी आली, मोळी कलंडली आणि सगळा ऊस मातीत.

"बाटली हितं कावून बांधली? मी हात कुठं लावू?" दादा ओरडले.

माय पोट धरून हसली. तिनं मोळी पुन्हा आवळली आणि बाटली पार शेंड्याला बांधली. "हितं काय बी बांध गं. त्येंचा हात हिकडं येतच न्हाई."

दादांनी मोळी उचलली आणि तिच्या डोक्यावर ठेवली. बाटलीकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. माय ताठ चालत निघाली आणि बाटली मागे झुलत राहिली.

मी तिथेच उभी राहिले. एन्झाइमही साखर ठरावीक जागीच धरतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण शेपूट जोडायला जी जागा सोपी, तिथेच मी वर्षभर ते जोडत बसले होते, नेमकं एन्झाइमच्या हाताखाली. मला स्वतःचा भयंकर राग आला आणि हसूही आवरेना. रात्री माय-दादांना माझ्या साखरेची अडचण मोळीवरूनच समजावली आणि दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं मी पुण्याला परतले.

शेपूट साखरेच्या दुसऱ्या टोकाला जोडायला तीन आठवडे लागले. ते तसं वेळखाऊच काम, म्हणून तर मी टाळत होते. जून तोंडावर आला होता. एका दुपारी दिव्याखाली प्रथिनाचा नमुना असलेली जेलची पट्टी धरली आणि तिच्यावर हिरवी रेघ उठली. एन्झाइमनं साखर शेपटासकट उचलून नेली होती! मी टेबलाभोवती अक्षरशः नाचले.

सरांनी चष्मा वर सारून पाहिलं. "ही जागा कशी सुचली?"

"आईनं दाखवली."

"त्या कुठे असतात?"

"चारा छावणीत."

मग छावणीत फोन लावला. मी "घेतली!" म्हणताच दादांनी विचारलं, "बाटली पडली न्हाई ना?"

"नाही दादा. शेंड्याला बांधली होती."

त्यांच्या हातून मायनं फोन ओढून घेतला. हातात कोयता येऊ नये म्हणून तिनं मला लहानपणापासून वसतिगृहात ठेवलं होतं, कधी उसाच्या फडात येऊ दिलं नव्हतं. ती हसत म्हणाली, "बघ बाई, तुला मोळी बांधायला तेवढं शिकवायला पायजे होतं. वरीस वाचलं असतं तुजं."